मोरसचं बिऱ्हाड

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिलीत आणि विषयही त्यांनीच दिलाय, 'परदेशातल्या गमतीजमती'. जन्म बँकेत गेला, त्यामुळे मंजूर मर्यादेच्या बाहेर जायची सवय नाही. तरी घड्याळाकडं कुणीतरी लक्ष ठेवा.

तुम्हाला ठाऊक आहे, २०२२ च्या जुलैत आम्ही दोघं मॉरिशसला राहायला गेलो. फिरायला नव्हे, राहायला. गॅस सिलिंडर जमा केला, पेपर बंद केला, तुळशीची कुंडी शेजारी दिली आणि किल्लीही शेजारीच दिली. आमची मुलगी आणि जावई तिथं नोकरीला. नातू चार वर्षांचा. मुलगी म्हणाली, "बाबा, आता सत्तरी झाली, दोघंच तिथं काय करताय? इकडं या कायमचे." गावात बातमी फुटल्यावर पहिली चर्चा झाली ती मॉरिशसची नव्हे, लेकीच्या घरी राहायला जाण्याची. एक जण पारावर म्हणाले, "लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणत्यात, तुम्ही तर पाक समुद्रच वलांडून चाललाय." या पाण्याचा विषय पुढं येणार आहे.

मॉरिशस हे नाव आपल्याला नवं वाटतं, पण आपल्या आज्यांना ते माहीत होतं. माझी आजी पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची. पाहुणे आले की मोरस साखरेचा चहा, एरवी गुळाचा. ते मोरस म्हणजेच मॉरिशस. कोल्हापूरकर गुळाच्या ढेपा बांधत होते तेव्हा त्या बेटावरून साखर मुंबई बंदरात उतरत होती. आता हिशेब सांगतो. आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर आहे आणि ते बेट साधारण १,८६५. म्हणजे जिल्ह्यात अशी चार बेटं बसतील आणि वर थोडं गायरान उरेल. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. पण त्यांना पंतप्रधान आहे, स्वतःचं चलन आहे, आणि १२ मार्च १९६८ पासून स्वातंत्र्य आहे.

विमान मुंबईहून साधारण सहा तासांचं. सामानात आमच्या मंडळींनी स्वेटर वर आणि कांदा-लसूण चटणी तळाला ठेवलेली. जुलै म्हणजे तिथं हिवाळा. विमानतळावर तपासणी कडक, कारण बेटावर बाहेरची झाडं, बिया, माती येऊ देत नाहीत. अधिकाऱ्यानं पिशवी उघडायला सांगितली. मंडळींनी खुणेनं सांगितलं, खायचं आहे. त्यानं झाकण काढून नाक जवळ नेलं आणि लागोपाठ चार शिंका दिल्या. डोळे पुसत म्हणाला, "पिमा?" त्यांच्या भाषेत पिमा म्हणजे मिरची. आमच्या मंडळींना क्रिओलचा पहिला शब्द कळला तो तिथं, आणि त्या माणसाला कोल्हापूर कळलं. चटणी सुटली.

आता भाषा. तिथं सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि बोलणं क्रिओलमध्ये. क्रिओल म्हणजे फ्रेंच भाषेचे अलंकार काढून ठेवलेली, घरात वापरायची भाषा. ती मराठी माणसानं ऐकावी! घरकामाला एक बाई यायची. पहिल्याच दिवशी मंडळींनी पेला दाखवून पाणी मागितलं. ती नळाकडं बोट दाखवून म्हणाली, "दिलो." मंडळी म्हणाल्या, "कुठं दिलंस?" ती पुन्हा, "दिलो, दिलो." क्रिओलमध्ये पाण्याला दिलो म्हणतात. चहा म्हणजे दिते. दूध म्हणजे दिले. भात म्हणजे दिरी. त्या घरात सकाळी सहापासून नुसतं देणं चाललेलं, दिलो, दिते, दिले, आणि प्रत्यक्षात हातात काही नाही. बँकेत कर्ज वाटपाच्या मार्चमध्ये असाच आवाज असायचा.

लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात ना? पण दिलो प्यायला काय हरकत आहे, असा मंडळींनी निकाल दिला.

दुसरं ऐका. राहण्याच्या परवान्यासाठी एका कार्यालयात फॉर्म भरायचा होता. खिशात पेन नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला खूण करून म्हटलं, "पेन?" ती गोड हसली आणि म्हणाली, "पेना." मी हात पुढं केला. ती परत म्हणाली, "पेना." मी हात तसाच ठेवला. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी शेवटी आपलं पेन दिलं आणि खुलासा केला. 'पेना' म्हणजे 'नाही, शिल्लक नाही'. पुढं सव्वादोन वर्षांत दुकानात, बसमध्ये, औषधाच्या दुकानात हा शब्द इतक्यांदा ऐकला की इथं परत आल्यावर रेशनच्या दुकानात माझ्या तोंडून पटकन गेलं, "साखर पेना का?"

आणि मुलगी मला बाबा म्हणते. क्रिओलमध्ये बाबा म्हणजे तान्हं मूल. भर बाजारात ती ओरडली, "बाबा, पडाल, हात धरा!" भाजीवाली बाई टेबलाखाली वाकून बाळ शोधायला लागली. बाळ सापडलं ते असं, टक्कल पडलेलं, हातात दुधी भोपळा. पुढं दर शनिवारी ती मला लांबून हाक मारायची, "बाबा!" आणि टोमॅटोवर दोन टोमॅटो जास्त घालायची. टोमॅटोला ते पोमदामूर म्हणतात, म्हणजे प्रेमाचं सफरचंद. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर मी मंडळींसाठी पहिल्यांदा अर्धा किलो प्रेमाची सफरचंदं घेतली. त्यांनी सार केलं.

खाण्याचं सांगायचं तर 'धोल पुरी' नावाचा प्रकार गाडीवर मिळतो. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, पातळ पोळीत भरलेली. मंडळींनी पहिला घास घेतला आणि चेहरा असा केला, जणू कुणाच्या तरी घरी सणाच्या दिवशी गूळ घालायचं राहिलंय. वर घेवड्याची आमटी आणि मिरचीची चटणी. ती जोडीनंच देतात, एकटी मागितली तर गाडीवाला काळजीनं बघतो. डाळवड्याला तिथं 'गातो पिमा' म्हणतात, शब्दशः मिरचीचा केक. नातवाच्या वाढदिवसाला मी म्हटलं, हाच केक कापू. मुलीनं ऐकलं नाही. कोथिंबिरीला मात्र 'कोतोमिली' म्हणतात, आणि आपण सीमाभागातले लोक, कोत्तंबरी ऐकून वाढलेलो, त्यामुळे तिथं अडलं नाही.

आकाशाची गंमत वेगळी. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, ते दक्षिणेला. तिथं बहुतेक वर्षभर दुपारचा सूर्य उत्तरेकडं असतो. वाळवण उत्तरेच्या गच्चीत. आपल्या सोसायटीत घर बांधताना दिशांवरून किती बैठका झाल्या ते आठवा, आणि ते सगळे तज्ज्ञ एकदा तिथं पाठवा असं मला फार वाटतं. संकष्टीला तर कहर. भिंतीवर इथून नेलेलं कॅलेंडर, त्यात चंद्रोदय मुंबईचा, आणि घड्याळ भारताच्या दीड तास मागं. मंडळी उपाशी, मी गच्चीवर पहारेकरी. शेवटी चंद्र उगवला तर उलटा. आपल्याकडं चंद्रातला ससा बसलेला दिसतो, तिथं तो डोक्यावर उभा. मंडळी ताम्हन घेऊन आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "याला चक्कर आलीय, का मला?" तरी अर्घ्य दिलं. दिवाळीचं अभ्यंगस्नान घाम पुसत, आणि अंगात ऊब यावी म्हणून खायचा तिळगूळ भर उन्हाळ्यात, पंख्याखाली.

बँकवाल्यानं नोटांबद्दल न बोलणं बरं दिसत नाही. त्यांच्याकडं पंचवीस रुपयांची नोट आहे. मला ती इतकी आवडली की मी दोन नव्या कोऱ्या घेऊन ठेवल्यात, कार्यक्रमानंतर बघायला या. नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी मजकूर असतो. १९९८ मध्ये नव्या नोटा छापताना देवनागरी तमिळच्या वर गेली, आणि तमिळ समाज असा खवळला की त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. दोन ओळींची जागा बदलली म्हणून अख्ख्या देशाचं चलन माघारी! आपल्या वार्षिक सभेत इतिवृत्तातल्या एका शब्दावरून पाऊण तास जातो, म्हणून कुणी नाक मुरडू नये.

आमचं बिऱ्हाड वाकोआ गावात होतं. मधल्या पठारावर, पाऊस आंबोलीची आठवण करून देणारा. रस्त्याकडेला ऊस. तोडणी जून ते डिसेंबर, म्हणजे आपलं गाळप सुरू होतं तेव्हा त्यांचं संपत येतं. उसाच्या फडात मधूनमधून काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात, बुटक्या देवळासारखे. ते दगड शेतातून वेचून काढले आपल्या माणसांनी. १८३४ पासून गिरमिटावर मजूर नेले, सगळे मिळून साडेचार लाखांच्या वर. बिहारकडचे जास्त, मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातलेही. पोर्ट लुई बंदरात ते जिथं उतरत त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या आजही आहेत. २००६ पासून ती जागा जागतिक वारशात आहे. सोळा पायऱ्या. मी चढून बघितल्या, गुडघे दुखतात म्हणून मोजत चढलो.

उतरल्यावर कारकून नाव विचारायचा आणि बापाचं नाव, ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचा. म्हणून आज तिथं मराठी घरांची आडनावं बाप्पू, गन्नू अशी आहेत. पहिलं नाव तेच आडनाव होऊन बसलं. आधार कार्डावर आणि पासबुकावर नाव जुळत नाही म्हणून माझ्याकडं भांडायला येणाऱ्या खातेदारांची मला तिथं फार आठवण आली. इथं तर पाच-सहा पिढ्यांचं जुळत नव्हतं.

हे मराठी लोक घरात क्रिओल बोलतात. पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि गणपतीपुढं कोकणासारखं जाखडी नाचतात. आमच्या शेजारी एक मावशी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मराठी वाक्य एक जुळवता यायचं नाही, पण आरती म्हणायला उभ्या राहिल्या की शेवटच्या कडव्यापर्यंत एक शब्द गळत नसे. आपण दुसऱ्या कडव्याला लाउडस्पीकरच्या भरवशावर ओठ हलवतो, ते मला तिथं जमेना, कारण सगळे माझ्याकडं बघत. खरा मराठी माणूस आलाय ना!

अशाच एका कार्यक्रमात एका कॉलेजच्या मुलानं कुसुमाग्रजांचं सात वीरांवरचं गीत म्हटलं, लताबाईंनी गायलेलं. कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेलं, अर्थ अर्धामुर्धा. झाल्यावर मी त्याला म्हटलं, प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथी २४ फेब्रुवारी १६७४ ला जिथं पडले त्या नेसरीचा मी. तो बघतच राहिला. "म्हणजे ते गाव खरंच आहे?" मी म्हटलं, आहे. खिंड आहे, स्मारक आहे, बाजार भरतो, आमची सोसायटी आहे, आणि पाणी एक दिवसाआड येतं. मग रांग लावून लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. घरी येताना मंडळी म्हणाल्या, "चाळीस वर्षं नेसरीत राहताय, तिथं कुणी एक फोटो काढला नाही." मी काही बोललो नाही. फोटोत माझा डोळा मिटला होता.

आता एक गोष्ट गमतीची नाही, पण सांगतो. १५ जानेवारी २०२४. त्या वर्षी संक्रांत १५ ला होती. बेलाल नावाचं चक्रीवादळ आलं. तिथं वादळाच्या इशाऱ्याच्या एक ते चार पायऱ्या असतात, तिसरी लागली की सगळं बंद करून माणसानं घरात बसायचं. १९६० च्या कॅरोल वादळानं घरं उडवल्यापासून लोक सपाट स्लॅबची काँक्रीटची घरं बांधतात, त्यामुळे घराची भीती नव्हती. पण जावई सकाळीच पोर्ट लुईला कामावर गेलेले. दुपारपर्यंत शहरात असं पाणी चढलं की रस्त्यावरच्या मोटारी वाहून गेल्या. फोन लागेना. मुलगी खिडकीतून हलत नव्हती. मंडळींनी तिळाच्या पोळ्या लाटायला घेतल्या, कारण हाताला काहीतरी हवं होतं. पलीकडच्या मावशी मेणबत्त्या घेऊन आल्या आणि लाटणं काढून घेऊन स्वतःच लाटायला बसल्या. कुणी कुणाची समजूत काढली नाही. जावई आले संध्याकाळी, कमरेपर्यंत चिखल, बूट एकच. नातवानं विचारलं, "दुसरा बूट?" ते म्हणाले, "पेना." तेव्हा आम्ही सगळे हसलो, आणि मुलगी रडली.

त्याच सुमारास आपल्या इथल्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. भाव चांगला होता. मुलगी म्हणत होती, विकून टाका, आता परत कोण जाणार आहे. कागदावर तिचं बरोबर होतं. मी बँकेच्या पद्धतीनं दोन्ही बाजू मांडल्या. देखभाल, घरपट्टी, सोसायटीची वर्गणी एका बाजूला, व्याज दुसऱ्या बाजूला. विकण्याची बाजू जड होती. मंडळींनी हे बोलता बोलता मावशींना सांगितलं, खुणा, हिंदी आणि क्रिओल मिळून.

मावशी उठून घरी गेल्या आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद घेऊन आल्या. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची जुनी दप्तरं आहेत, तिथून काढलेला उतारा. त्यांच्या पणजोबांचा. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जहाज आलं ते वर्ष. साल १८६० नंतरचं. पुढं जिल्हा, कोल्हापूर. आणि गावाच्या रकान्यात सुरुवातीची अक्षरं पुसलेली, शेवटी इंग्रजीत 'वारी'. मावशींच्या वडिलांनी आयुष्यभर हे 'वारी' गाव शोधलं. नकाशात नाही, म्हणून गाव बुडालं असेल असं त्यांनी धरलं. मी एका नजरेत ओळखलं. वारी कुठलं, ती वाडी. आपल्या 'ड'चा साहेबाच्या कारकुनानं 'र' केला.

मावशींना ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं. वाडी. वाडी. वाडी. मग त्यांनी विचारलं, "कौन सी?" इथं माझी बोलती बंद झाली. तारेवाडी आहे, कानडेवाडी आहे, आजऱ्याकडं आणि चंदगडकडं जाल तर मोजायला बोटं पुरायची नाहीत.

त्या रात्री मंडळी म्हणाल्या, "घर राहू दे." व्याजाचं कोष्टक त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मुलगी आठवडाभर रागावली होती, तिचा रागही मला पटतो. वादळात आम्ही तिथं होतो म्हणून तिला धीर होता, हे खरंच आहे. म्हणून आता आमचं असं ठरलंय, जून ते नोव्हेंबर तिकडं, डिसेंबर ते मे इकडं. तिकडची वादळं चुकतात, इकडचा पावसाळा चुकतो. गेल्या नोव्हेंबरात परत आलो तर किल्ली जागेवर होती आणि तुळस शेजारी खांद्याएवढी झाली होती. ती परत मागायची सोय राहिली नाही. मावशींनी निघताना एक डबा दिला, त्यात धोल पुऱ्या होत्या, आणि मंडळींनी आवर्जून आत गूळ भरायला लावला होता.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत. एक काम राहिलंय आणि ते तुमच्याकडं आहे. तो कागद मी उतरवून आणलाय. आतापर्यंत चार वाड्यांवर विचारून झालं. पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव त्यात आहे, ते माइकवरून सांगत नाही, कारण प्रत्येक वाडीत त्या नावाचे चार जण निघतील आणि चौघंही उद्या सकाळी दारात येतील. पण तुमच्यापैकी कुणाच्या घरात, आजोळी, भावकीत, जुन्या माणसांच्या तोंडी असं काही असेल, की आमच्यातला एक जण मोरसला गेला आणि परत आला नाही, तर घरी या. जुना सातबारा, कुळाची वही, देवळातली वर्गणीची यादी, काहीही असलं तर घेऊन या. जूनमध्ये मी परत निघणार आहे, त्याच्या आत आलात तर बरं. दिते मिळेल, साखरेचा.